घसारा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘घसारा’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. यंत्र वापरले की झिजते, इमारत नुसती उभी राहिली तरी जुनी होते, आणि ही झीज डोळ्यांना दिसो वा न दिसो, वर्षअखेरीस ती नफातोटा पत्रकात नावे टाकावीच लागते. जो व्यापारी घसारा धरत नाही, त्याचा नफा कागदावर फुगलेला दिसतो. मग एके दिवशी यंत्र बंद पडते आणि कळून चुकते की, नफा समजून आपण जे खाल्ले ते भांडवलच होते. पेढीवर वाढलेल्या माणसाला हे नव्याने सांगावे लागत नाही. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे एका वस्तूने दुसरीवर घासत राहणे, हिशेबाच्या वहीत हळूहळू मागे पडतो. तो अर्थ सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या प्रत्यक्ष हाताला लागला तो इंग्लंडमधील लेस्टर शहरात, पन्नास वर्षांच्या एका मोटारीखाली पाठीवर आडवे पडलेले असताना.

घरात त्यांना सगळे आप्पा म्हणतात. वय पासष्ट. थोरले बंधू अण्णा सात वर्षांनी मोठे. अभियांत्रिकीची पदवी घेऊन सत्तरीच्या दशकात ते इंग्लंडला गेले, लेस्टरच्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि तेथेच स्थिरावले. धाकट्याने वडिलांची पेढी सांभाळली. वाटणी कधी झाली नाही, कारण तिची गरज कोणाला भासली नाही. वडिलांच्या पश्चात पेढीची इमारत आणि राहते घर आईच्या नावावर झाले. आई होत्या तोवर अण्णा दर दोन वर्षांनी येत, गादीवर बसत, सौदे पाहत आणि निघताना आईच्या हातची मेतकुटाची पुडी घेऊन जात. २०१४ च्या मार्च महिन्यात आई गेल्या. त्यानंतर अण्णा सांगलीला आले नाहीत आणि आप्पांनी त्यांना बोलावले नाही.

कारण एक कागद होता. आई गेल्यानंतरच्या पाचव्या दिवशी, घरात पाहुणे असताना, वकिलांचा कारकून हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला आणि आप्पांनी तो अण्णांच्या पुढे ठेवला. अण्णांनी तो वाचला, घडी करून परत दिला आणि सातव्या दिवशी ते मुंबईला जाऊन विमानात बसले. पुढे वकिलांमार्फत दोन पत्रे गेली. त्यांना उत्तर आले नाही. नऊ वर्षे दोन्ही घरांतल्या जावा तेवढ्या फोनवर बोलत राहिल्या. सणावाराची विचारपूस होई, मुलांच्या परीक्षा आणि लग्ने कळत. भावांची नावे निघत, पण फोन त्यांच्या हाती जात नसे.

२०२३ च्या मे महिन्यात आप्पा लंडनच्या मसाला आयातदारांना भेटायला गेले. निमित्त खरे होते, पण अपुरे होते. पेढीत आलेल्या मुलाला हळद दळण्याचा आणि पाकिटबंद करण्याचा छोटा कारखाना काढायचा होता, त्यासाठी कर्ज हवे होते, आणि इमारतीचे हक्कपत्र निर्वेध असल्याशिवाय कोणतीही बँक ती तारण घेणार नव्हती. हक्कसोडपत्राचा नवा मसुदा आप्पांच्या बॅगेत तळाशी होता. लंडनहून आगगाडीने ते लेस्टरला उतरले तेव्हा स्टेशनबाहेर अण्णा उभे होते, आणि त्यांच्या मागे गर्द हिरव्या रंगाची, दोन आसनांची, टप उघडा टाकलेली एक बुटकी मोटार उभी होती.

ती एमजीबी होती. इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत या गाड्या तयार झाल्या. छपराच्या जीटी गाड्या धरून त्यांची संख्या पाच लाखांहून अधिक भरली. श्रीमंतांसाठी काढलेली ती गाडी नव्हती. शाळामास्तर, कारकून, तरुण अभियंता यांना परवडेल अशी वेगवान गाडी, हीच तिची ओळख. अण्णांनी १९७२ सालची ही गाडी पाच-सहा वर्षे वापरलेली घेतली होती आणि तेव्हापासून तिची सगळी देखभाल स्वतःच्या हाताने केली होती. आप्पांची बॅग मागच्या जागेत मावेना. ती पाठीमागच्या कॅरिअरला दोरीने बांधली. “प्रवास बरा झाला?” “झाला.” एवढ्या संभाषणावर दोघे निघाले.

रस्त्यात गतिरोधक आले. प्रत्येक गतिरोधकावर पुढच्या डाव्या बाजूने ‘खट्’ असा आवाज होई, आणि ब्रेक दाबला की गाडी किंचित एका अंगाला ओढे. अण्णांच्या हातांना त्याची सवय झाली असावी. ते नकळत चाक उलट बाजूला धरत होते. तिसऱ्या गतिरोधकानंतर आप्पा म्हणाले, “अण्णा, गाडी बोलतेय.”

“बुश गेलेत,” अण्णा म्हणाले. “दोन वर्षं झाली. एकट्याला जमण्यासारखं काम नाही.”

बुश म्हणजे काय, हे समजायला गाडीची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. रस्त्याचा प्रत्येक खड्डा चाकाला वर ढकलतो. चाकाला वरखाली होता यावे, पण पुढेमागे किंवा आडवे सरकता येऊ नये, म्हणून ते लोखंडी भुजांच्या जोडीने सांगाड्याला जोडलेले असते. एमजीबीच्या पुढच्या चाकांना खालच्या बाजूस अशा दोन-दोन भुजा आहेत. पुढे निमुळत्या होत जाणाऱ्या त्यांच्या आकारावरून त्यांना विशबोन म्हणतात. त्यांचे एक टोक चाकाकडे असते आणि दुसरे सांगाड्यावरच्या आसाभोवती बिजागरीसारखे फिरते. त्या बिजागरीत लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबराची एक जाड कडी बसवलेली असते. तोच बुश. रस्त्याचे बारीक हादरे तो स्वतःमध्ये जिरवतो, आवाज गिळतो आणि तरीही भुजेला जागेवरून हलू देत नाही. गाडी विकत घेताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो झिजला तरी गाडी चालते. फक्त ती आता नेमकी चालत नाही: ब्रेकला एकीकडे ओढते, टायर एका कडेने खाते आणि ‘खट्’ असा आवाज करते. तो आवाज म्हणजे, जेथे रबर होते तेथे आता लोखंडाला लोखंड भिडत असल्याची खूण.

इंग्लंडमध्ये मोटारींची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. परंतु चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न केलेल्या गाड्यांना २०१८ पासून त्यातून सूट आहे. अण्णांच्या गाडीला त्यामुळे वर्षाकाठी कोणी तपासनीस नव्हता. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकावर कायम राहते. ज्या खात्याला हिशेब तपासनीस नाही, ते खाते मालकाने स्वतःच तपासायचे असते; आणि तेथेच बहुधा सगळ्यांत जास्त चालढकल होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना अण्णांनी विचारले, “किती दिवस आहेस?” आप्पा म्हणाले, “चार.” अण्णा उठून आत गेले आणि कपाटातून एक खोका घेऊन आले. त्यात चार नवे बुश होते, दोन वर्षांपूर्वी आणून ठेवलेले. बॅगेतल्या कागदाचा विषय काढायचे आप्पांनी रात्रभर मनाशी घोकले होते. ते खोक्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “जुने कपडे आहेत का एखादे?”

पहिला दिवस गाडी उचलण्यात आणि जुने सोडवण्यात गेला. मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलला आणि सांगाड्याखाली दोन मजबूत स्टँड लावले. जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही, हा अण्णांचा पहिला नियम. चाके काढली. मग स्प्रिंग. पुढची स्प्रिंग तिच्या थाळीत काही क्विंटल जोराने दाबून बसवलेली असते. थाळीचे बोल्ट नुसते सोडले तर ती उसळून हात तोडू शकते. म्हणून थाळीखाली जॅक लावून तिला आधार द्यायचा, समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब बोल्ट घालायचे, बाकीचे काढायचे, आणि मग लांब बोल्टांचे नट एकेक वेढा सोडत स्प्रिंगचा जोर सावकाश उतरू द्यायचा. एक वेढा या बाजूचा, एक त्या बाजूचा. हे काम दोघांनी मिळून केले. “तुझा.” “झाला.” “माझा.” तासभर यापलीकडे शब्द निघाला नाही, आणि तरीही नऊ वर्षांत दोघांत झालेले ते सगळ्यांत लांब संभाषण होते.

आसाच्या टोकाला खाचांचा नट आणि त्यातून आरपार घातलेली पिन असते. पिन गंजून नटाशी एकजीव झाली होती. आप्पांनी हातोडी उचलली. अण्णांनी गंज सोडवणारे तेल मारले आणि म्हणाले, “रात्रभर राहू दे.” हळदीच्या पोत्यात खोरे घालून माल पारखायची आणि त्याच क्षणी भाव बोलायची आप्पांची सवय, रात्रभर थांबणे त्यांच्या व्यवहारात बसत नव्हते. पण सकाळी दोन हलक्या ठोक्यांत पिन निघाली.

भुजा आसावरून ओढून काढल्या तेव्हा बुश बाहेर आले नाहीत, त्यांचे तुकडे आले. मूळच्या रचनेप्रमाणे प्रत्येक भुजेत रबराचे दोन अर्धे भाग होते. चार भुजांत मिळून आठ. अण्णांनी ते एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. उजवीकडचे चार कडक होऊन तडकले होते, पण त्यांचा आकार शाबूत होता. डावीकडच्यांचा चिखल झाला होता. बोटाने दाबले की काळा लगदा निघे.

“एकाच दिवशी बसवले होते सगळे,” अण्णा म्हणाले. “या बाजूला इंजिनाचं तेल गळतं. फार नाही, थेंब-थेंब. रबराला तेल चालत नाही. फुगतं, मऊ पडतं आणि मग लोखंड त्याला खाऊन टाकतं.”

आप्पांनी तो लगदा तळहातावर घेतला. “गळती ठाऊक होती?”

“होती.”

“मग?”

“थेंबच होता.”

दुपारी वहिनींनी गॅरेजमध्येच जेवणाची ताटे आणली. दोघांचे हात काळे होते, म्हणून त्यांनी पोळीचे तुकडे करून दिले. त्या ताटे घेऊन परत गेल्यावर आप्पा बोलू लागले. समोर बसून नव्हे. भुजेच्या छिद्रातला गंज घासकागदाने साफ करता करता, मान खाली घालून.

आई गेल्या त्या मार्चमध्ये हळदीची आवक ऐन भरात होती. पेढीची कॅश क्रेडिट मर्यादा महिनाअखेरीस नूतनीकरणाला होती आणि तारण होती ती इमारत, आईच्या नावावरची. गहाण ठेवणारी व्यक्ती निवर्तली की बँक वारसांच्या संमतीशिवाय पुढे जात नाही. ते बँकेचे चुकत नाही, कारण तारणाचा मालकच निश्चित नसेल तर ते तारण राहत नाही. मुदतीला बारा दिवस उरले होते. शेतकऱ्यांच्या पट्ट्या चुकत्या करायच्या होत्या. वकील म्हणाले, बंधू दोन दिवसांत परत जातील, आत्ताच सही घ्या. आप्पांनी घेतली नाही, मागितली. आणि ती पाचव्या दिवशी, चारचौघांत, कारकुनाच्या हातून मागितली. सही झाली नाही. बँकेने मर्यादा निम्म्यावर आणली. त्या हंगामात आप्पांनी बाहेरून चढ्या व्याजाने पैसे उचलले, पत्नीचे दागिने गहाण ठेवले, आणि एकाही शेतकऱ्याची पट्टी थकवली नाही. ते कर्ज फेडायला सहा वर्षे लागली.

अण्णांच्या हातातला कापड थांबला. “हे मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी सांगितलं नाही. जावांना शपथ घातली होती.”

बराच वेळ घासकागदाचाच आवाज होत राहिला. मग अण्णा म्हणाले, “मला वाटलं, तुला भीती आहे की मी वाटा मागेन. मी कधी मागितला असता का? आई असताना तू नुसतं म्हणाला असतास, तर कोऱ्या कागदावर सही केली असती. पण आईला जाऊन पाच दिवस झाले होते, आप्पा. त्या घरात मी कोण उरलो, हेच मला कळत नव्हतं. आणि कारकुनानं मला सहीची जागा दाखवली, फुली मारून.”

आप्पांनी उत्तर दिले नाही. द्यायला उत्तर नव्हतेही. दोघांचे खरे होते, आणि ज्यांच्यामुळे दोन खऱ्या गोष्टी एका घरात एकमेकींवर न घासता नांदत होत्या, त्या गेल्या होत्या. आईच्या हयातीत आप्पांचा तापटपणा अण्णांपर्यंत पोचत नसे आणि अण्णांचा अबोलपणा आप्पांना टोचत नसे. दोन्ही मध्येच कुठेतरी जिरत. ते कोणी जिरवत होते, हे त्या असताना कोणाच्या लक्षात आले नव्हते.

नव्या बुशांची जात वेगळी होती. १९७३ ते १९७६ या काळात एमजीबीची आठ सिलिंडरांची एक ताकदवान आवृत्ती निघाली होती. जेमतेम अडीच हजार गाड्या झाल्या. त्या गाडीसाठी बुशही बदलले होते: दोन अर्ध्या कड्यांऐवजी एकसंध रबर, मध्यभागी पोलादी नळी. साध्या एमजीबीतही ते बसतात आणि जास्त टिकतात, म्हणून जुन्या गाड्यांचे पुष्कळ मालक तेच घालतात. रबराला धातूशी जोडण्याच्या या कारागिरीत लेस्टर शहराचा स्वतःचा इतिहास आहे. मेटलास्टिक ही त्या कामासाठी नावाजलेली कंपनी याच शहरातली. आप्पांनी व्यापाऱ्याला शोभेल असाच प्रश्न विचारला: “याहून टिकाऊ काही मिळत नाही?”

“मिळतं. पॉलियुरेथेनचे असतात. तेलाला भीत नाहीत, जन्मभर टिकतील. शर्यतीवाले वापरतात. पण ते कडक. गाडी वळणावर घट्ट चालते, आणि रस्त्याचा प्रत्येक खडा मणक्याला कळतो. या वयात मला थोडं नमणारं हवं. झिजलं तर पुन्हा बदलू.”

बुशला साबणाचे पाणी लावले, भुजेचे डोके व्हाइसमध्ये धरले आणि दांडा फिरवत तो सरळ आत दाबला. पहिला तिरका गेला. काढून पुन्हा घातला. चौथा एकाच दमात बसला आणि आप्पांच्या तोंडून आपसूक ‘वा!’ निघाले. संध्याकाळपर्यंत भुजा आसावर चढल्या, स्प्रिंग लांब बोल्टांवरून वेढ्यावेढ्याने पुन्हा जागेवर आली, ग्रीस भरले गेले आणि पुढची चाके लागली. आता फक्त आसाच्या टोकाचे नट आवळायचे राहिले होते. गाडी अजून स्टँडवर होती, चाके अधांतरी. खाली हात पोचत होता, पाना हाताशी होता. आप्पा आडवे झाले, पाना नटावर चढवला आणि जोर लावला.

“थांब!” अण्णांचा आवाज एवढा मोठा आला की आप्पांच्या हातून पाना सुटला.

“सैलच आहे अजून,” आप्पा म्हणाले.

“सैलच हवा. आत्ता आवळायचा नाही.” अण्णा खाली बसले आणि सांगू लागले, जसे लहानपणी गणित समजावून सांगत तसे. “हा नट आवळला की बुशातली नळी जखडली जाते. नळी फिरत नाही. भुजा वरखाली होते ती फक्त रबर पिळलं जातं म्हणून. आत्ता चाक लोंबकळतंय, भुजा खाली गेलीय. या स्थितीत आवळलंस आणि मग गाडी जमिनीवर टेकवलीस, तर उभ्या गाडीतही रबर कायम पिळलेलं राहील. हलेल तेव्हा आणखी पिळेल. नवाकोरा बुश वर्ष-दोन वर्षांत फाटेल, आणि लोक म्हणतील, मालच वाईट होता.”

“मग कधी आवळायचा?”

“गाडी खाली उतरवायची. तिचा भार तिच्या चाकांवर येऊ द्यायचा. चार वेळा दाबून हलवायची, म्हणजे ज्याची त्याची जागा ज्याला मिळते. मग आवळायचा. घट्ट, पूर्ण घट्ट. पण भार आल्यावर.”

आप्पा तसेच गाडीखाली पडून राहिले. वरून काळा लोखंडी आस दिसत होता, त्यावर अर्धवट आवळलेला नट. अण्णा गाडीबद्दल बोलत होते आणि फक्त गाडीबद्दलच बोलत होते, याविषयी आप्पांना शंका नव्हती. पण बाहेर येऊन बसल्यावर ते हात पुसत हळूच म्हणाले, “अण्णा, मी तो कागद लोंबकळत्या चाकावरच आवळायला निघालो होतो.”

अण्णांनी काही वेळ त्यांच्याकडे पाहिले. “उठ,” ते म्हणाले, “ठोकळे आण.”

चाकांखाली जाड लाकडी ठोकळे घातले, म्हणजे भार चाकांवर येईल आणि खाली हात जायला जागाही राहील. जॅक उतरला. गाडीने आपला भार घेतला. दोघांनी दोन बाजूंनी पुढचा भाग दाबून हलवला, एकदा, दोनदा, चारदा. मग आप्पांनी नट आवळले आणि अण्णांनी खाच छिद्रासमोर आणून नव्या पिना घालून त्यांची टोके दुमडली. इंजिनाची गळतीची जागाही त्यांनी त्याच रात्री शोधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाकांची रेषा तपासून आणली. घरी परतल्यावर अण्णांनी आपणहून विचारले, “कागद आणला असशील ना?” आप्पांनी बॅगेच्या तळातून तो काढून दिला. अण्णांनी चष्मा लावून सावकाश, प्रत्येक परिच्छेद वाचला आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. पेढीची इमारत पूर्णपणे आप्पांच्या नावावर होऊ दे. तिच्यावर त्यांनी घाम गाळला आहे. राहत्या घरातली आईची माडीवरची खोली मात्र हयातभर अण्णांच्या वापरासाठी राहील, तेवढे एक वाक्य घालायचे. “वाटा म्हणून नको,” ते म्हणाले, “यायला कारण म्हणून.”

आप्पांनी त्याच वेळी सांगलीला वकिलांना फोन लावला. परदेशातल्या वारसाने हक्क सोडायचा तर सांगलीच्या नोंदणी कार्यालयात त्याच्या वतीने सही करणारा मुखत्यार लागतो, आणि ते मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित व्हावे लागते. कौन्सुलेट बर्मिंगहॅमला आहे. “जाऊ,” अण्णा म्हणाले. “गाडीलाही लांबचा रस्ता हवाच आहे.” वकिलातीची पुढची वेळ मिळाली ती सोमवारची. आप्पांनी परतीचे तिकीट चार दिवसांनी पुढे ढकलले.

सोमवारी दोघे त्या हिरव्या गाडीतून निघाले. गल्लीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक आला आणि दोघेही नकळत श्वास रोखून ऐकू लागले. चाके चढली, उतरली. आवाज आला नाही. अण्णांच्या हातांना मात्र जुनी सवय होती. पहिल्या ब्रेकला त्यांनी चाक थोडे उलट धरले आणि सरळ जाऊ पाहणारी गाडी त्यामुळेच किंचित वळली. ते हसले. “आता मलाच सुधारावं लागणार.” नऊ वर्षे एका अंगाला ओढणारे वाहन सांभाळताना हातांना जी वाकडी सवय लागते, ती बुश बदलल्याबरोबर जात नाही, तिला आणखी काही मैल लागतात.

मुखत्यारपत्रावर सही करताना फुली मारलेली जागा कोणी दाखवली नाही. अण्णांनी ती स्वतः शोधली. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी गाडीची नोंदवही काढली. गाडी घेतल्यापासूनची प्रत्येक दुरुस्ती तीत रोजकीर्दीसारखी लिहिलेली आहे: तारीख, मैल, काम, खर्च. त्या दिवशीच्या ओळीत त्यांनी लिहिले: पुढचे खालचे बुश, चार नग, नवे. तेलगळती बंद. पुढील तपासणी एक वर्षाने. ‘काम करणारा’ या रकान्यात त्यांनी आजवर कधी काही लिहिले नव्हते, कारण दुसरे कोणी नव्हतेच. या वेळी त्यांनी लिहिले: दोघे.

‘पुढील तपासणी’ ही त्या ओळीतील सगळ्यांत व्यवहारी नोंद म्हणावी लागेल. नवे बुशही झिजणार आहेत. रबर आहे, ते झिजण्यासाठीच मध्ये ठेवलेले असते. घसारा टाळता येत नाही. तो वेळच्या वेळी मोजता येतो आणि त्याची तरतूद करता येते. पेढीच्या ताळेबंदात तो दरवर्षी न चुकता धरणाऱ्या घरांनी, ज्या खात्यांना कोणी तपासनीस नाही तीही वर्षातून एकदा स्वतःहून उघडून पाहावीत. थेंब गळत असेल तर तो थेंब असतानाच दिसावा.

त्या दिवाळीत अण्णा आणि वहिनी सांगलीला आले. आईची खोली आप्पांनी रंगवून घेतली होती. दार मात्र जुनेच होते, आणि त्याच्या बिजागऱ्या कुरकुरत होत्या. अण्णांनी पिशवी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला: “तेल आहे का घरात?”